जिन्यावरच्या कुंदामावशी

मॉरीनचा फोन आला तेव्हा मी बेसिंगस्टोकच्या ऑफिसात जेवणाच्या रांगेत ट्रे घेऊन उभा होतो. मॉरीन म्हणजे लंडनच्या स्टॅनमोर भागात कुंदामावशींच्या भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण. तिने मला याआधी कधी फोन केला नव्हता, त्यामुळे स्क्रीनवर तिचं नाव पाहताच मी रांगेतून बाहेर आलो. सकाळी मावशी पक्ष्यांना दाणे घालायला मागच्या बागेत गेल्या, तिथल्या खुर्चीवर टेकल्या आणि मग उठल्याच नाहीत. "चेहरा शांत होता रे," मॉरीन म्हणाली. मी "थँक यू" म्हणालो. डेस्कवर येऊन बसलो तर शेजारच्याने विचारलं, "ऑल ओके?" मी म्हणालो, "ओके." मावशी माझ्या कोण होत्या हे त्याला काय सांगणार? रक्ताच्या नव्हत्या. लँडलेडी म्हटलं असतं तर त्याने खांदे उडवले असते आणि कामाला लागला असता.

मी सेलूचा. नगरपरिषदेच्या शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. कंपनीने लंडनला पाठवलं तेव्हा राहायला मावशींची वरची खोली मिळाली. मावशी मूळच्या सांगलीकडच्या. तरुणपणी नर्स म्हणून इकडे आल्या आणि वॉर्ड सिस्टर म्हणून निवृत्त झाल्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मला तेव्हा फोनची भयंकर धास्ती होती. माणूस समोर असला की कसंबसं निभायचं, फोनवर मात्र तोंडातून शब्द फुटायचा नाही. मावशींनी ते दुसऱ्याच आठवड्यात ओळखलं. मग त्या खाली स्वयंपाकघरात आणि मी वरच्या खोलीत, असे एकाच घरातून आम्ही एकमेकांना फोन करू लागलो. त्या माझ्या मॅनेजर व्हायच्या. "मोठ्याने बोल, दत्ता. आणि सारखं सॉरी सॉरी काय लावलंयस? काही फोडलंयस का माझं?" आज मी पंधरा माणसांची मीटिंग चालवतो, ती त्या जिन्यातून खाली-वर गेलेल्या फोनांच्या जोरावर.

रविवारी जेवणं झाली की आम्ही टीव्हीवर एका इन्स्पेक्टरची रहस्यमालिका बघायचो. खालची सबटायटल्स वाचता वाचता माझा कान तयार झाला. शेवटची पंधरा मिनिटं राहिली की मावशी रिमोट दाबून चित्र थांबवायच्या. "बोल, खुनी कोण?" मी हमखास माळ्यावर नाहीतर मोलकरणीवर बोट ठेवायचो. "गरिबावरच बरा संशय येतो तुला! आईबापाने कशाला शिकवलं रे?" असं म्हणून त्या इतक्या हसायच्या की पुढची पंधरा मिनिटं सुरू व्हायलाच पाच मिनिटं लागायची.

नोकरी बदलून मी बेसिंगस्टोकला गेलो. मावशींकडे जाणं महिन्यावर आलं, मग दोन महिन्यांवर, पण रविवारचा फोन चुकला नाही. अशाच एका रविवारी त्या म्हणाल्या, "दत्ता, मी भूत होणार आहे." मराठी मंडळाच्या ग्रुपवर निरोप आला होता. आमच्याच मालिकेच्या नाताळच्या विशेष भागासाठी साठीच्या पुढची भारतीय बाई हवी होती. गोष्ट अशी की राणी व्हिक्टोरियाच्या काळात एक साहेब मुंबईहून मुलांसाठी आया घेऊन आला, मुलं मोठी झाल्यावर तिला थंडीत घराबाहेर काढलं आणि ती फाटकापाशीच मेली. आता त्या बंगल्यात एक खून होतो आणि लोक म्हणतात, आया जिन्यावर दिसते. ती आया म्हणजे मावशी. संवाद एकही नाही, फक्त जिना उतरायचा, तोही त्यांच्या दुखऱ्या डाव्या गुडघ्याने. मावशींचा अर्जासोबतचा फोटो मीच काढला. निवड झाल्यावर त्या तीन दिवस शूटिंगला जाऊन आल्या आणि पुढचे कितीतरी रविवार दुसरा विषय नव्हता. "ती कपडेवाली पोरगी पाचवारी घेऊन आलेली, वर डझनभर पिना. म्हटलं, बाई गं, त्या काळातली आया नऊवारी नेसेल. भूत झालं म्हणून कासोटा सुटतो का?" शेवटी त्या स्वतःच नेसल्या, एकही पिन न लावता. मी सेलूला आईला कळवलं. आईने गल्लीला कळवलं.

भाग नाताळ आणि नव्या वर्षाच्या मधल्या आठवड्यात लागणार होता. मी येतो म्हणून कबूल केलं होतं. त्या आठवड्यात ट्रेनच्या वेळा विस्कटलेल्या असतात, हे खरं. पण मी गेलो नाही ते त्यामुळे नाही. त्याच संध्याकाळी आमच्या टीम लीडने घरी बोलावलं होतं. इतक्या वर्षांत कुणा इंग्रज सहकाऱ्याने घरी बोलावण्याची ती पहिली वेळ, आणि मला त्या घरात जायचं होतं. दुपारी फोन करून म्हणालो, "मावशी, ट्रेनचं काही खरं नाही हो." त्या म्हणाल्या, "असू दे. तिथे बघ, पण बघ हं." मी बघितला नाही. तिकडे गप्पांत वेळ गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला आणि त्यांनी काही विचारायच्या आतच सुरू झालो. "मावशी, काय दिसलात तुम्ही जिन्यावर! अंगावर काटा आला. मी लगेच ओळखलं, कासोट्यावरून." त्या म्हणाल्या, "होय का? बरं. जेवलास का रात्री नीट?" पुढे त्या भागाचा विषय त्यांनी कधी काढला नाही. मला वाटलं, संकोच असेल.

अंत्यविधीनंतर मॉरीनकडे चहाला बसलो होतो. तिने सहज विषय काढला. "त्या टीव्हीच्या दिवशी तिने मला बोलावलं होतं. तुझंही ताट मांडून ठेवलेलं. आम्ही शेवटपर्यंत बघितलं, पण कुंदा त्यात नव्हतीच. पायाचं बोटसुद्धा नाही. भूत दाखवायचंच नाही असं त्यांनी मागाहून ठरवलं असणार. तिला कुणी कळवलंसुद्धा नव्हतं. ती खूप हसली. मग उठून तिने ताटं धुवायला घेतली, आम्ही त्यांत जेवलोही नव्हतो. मला म्हणाली, दत्ताला यातलं काही बोलू नकोस, त्याने आईला सांगून ठेवलंय."

मी कप खाली ठेवला. म्हणजे सकाळी मी फोनवर कासोट्याचं बोललो तेव्हा त्यांना ठाऊक होतं. मी तो भाग बघितलेला नाही आणि वर रचून खोटं बोलतोय, हे पहिल्याच वाक्याला कळलं असणार. त्यांनी मला तिथेच पकडलं असतं तर बरं झालं असतं. वॉर्डातल्या पोरींना पकडायच्या तसं. की त्यांना वाटलं असेल, दत्ताने बघितलं, आपण नाही हे त्याला दिसलं, आणि आपलं मन राखायला तो असं बोलतोय? तसं वाटलं असावं, अशी मी रोज आशा करतो. पण चेहरा न बघता नुसत्या आवाजावरून रोग्याचं खोटं ओळखणारी बाई ती. विचारायला आता कुणी नाही. चुकीची माफी मागायला माणूस लागतो, आणि मला फोनवर नीट बोलायला शिकवलं त्याच माणसाशी मी फोनवर खोटं बोललो.

गेल्या रविवारी दुपारी तो भाग लावला. इथल्या फ्लॅटमध्ये मी एकटाच असतो. सबटायटल्स लागत नाहीत आता. तासाभराने जिना आला. वर कुणीच नाही. अंधार, कठडा, एक हलणारा पडदा. मग बराच वेळ नुसता इन्स्पेक्टरचा चेहरा, तो वर बघतोय. आणि मला मावशींचं एक बोलणं आठवलं, जे मी त्या वेळी निम्मंच ऐकलं होतं. "एक अख्खा दिवस कॅमेरा त्याच्या तोंडावर, माझ्याकडे पाठ. तरी मला उतरायला लावतायत, पुन्हा पुन्हा. म्हटलं, मी दिसत नाही तर कशाला? तर म्हणे, त्याला बघायला कुणीतरी खरं हवं ना."

मी ते दृश्य मागे नेऊन पुन्हा लावलं. त्याची नजर वरच्या पायरीवर आहे. ती खाली येते, पण सरळ येत नाही. एक पायरी, मग थांबते. पुन्हा एक, पुन्हा थांबते. डावा गुडघा दुखणारं माणूस जसं दोन्ही पाय एका पायरीवर आणून उतरतं, तशी. लोकांना वाटत असेल, काय अभिनय करतो हा माणूस! नजर उतरत उतरत अगदी त्याच्यासमोर येते आणि तो कठड्याला धरून अर्धं पाऊल बाजूला होतो. घाबरून नव्हे. वयस्कर बाईला वाट द्यावी तसा.

मी सोफ्याच्या मधोमध बसलो होतो. एका कडेला सरकलो.