पितळी झाकणावरचा कलश

आदिलाबादच्या त्या जुन्या सभागृहात ज्याचा कधी कार्यक्रम झाला, त्याला उत्तमराव लाइटवाले ठाऊक असणारच. खाकी शर्ट, खिशाला अडकवलेला टेस्टर, पायांत जाड रबरी तळाची चप्पल. मूळ गाव भीमपूर. आयटीआय करून ते इथं लागले आणि एकतीस वर्षं ते याच एका इमारतीची वीज सांभाळत आहेत.

सभागृहाचा रंगमंच शहाबादी फरशीचा. त्या फरशीत चार ठिकाणी ताटाएवढे चौकोनी खड्डे आहेत. आत सॉकेट, वर पितळी झाकण. दिवा असो की माइक, जिथं हवा तिथं जोडायचा, म्हणजे तारा कुणाच्या पायांत येत नाहीत. सगळे त्यांना डब्या म्हणतात. सोय मोठी, पण उत्तमरावांना त्या डब्यांची मनातून भीती वाटे. पंधरा वर्षांपूर्वी त्यांचा जोडीदार नागनाथ ओल्या फडक्यानं तीन नंबरची डबी पुसायला बसला आणि तिथंच चिकटला. उत्तमरावांनी लाकडी स्टुलानं ढकलून त्याला सोडवलं. जीव वाचला, उजव्या हाताची दोन बोटं गेली. तेव्हापासून त्यांचा नेम होता: चारही झाकणांना टेस्टर लावल्याशिवाय पडदा वर जाऊ द्यायचा नाही.

गेल्या जानेवारीत एका मराठी शाळेचं स्नेहसंमेलन होतं. सकाळी दहाला उत्तमरावांनी चारही झाकणं तपासली, पुढच्या दिव्यांसाठी तीन नंबरला लाइन दिली, आणि पाहुण्यांच्या खोलीतला पंखा बंद पडला म्हणून तिकडे गेले. पाऊण तास त्यात गेला.

तेवढ्या वेळात झाडलोट करणाऱ्या कौशल्याबाईंनी चिंच लावून तीन नंबरचं झाकण लख्ख घासलं होतं. शाळेचे सचिव चिंतामणराव रंगमंचपूजनाला जागा शोधत होते. बरोबर मधोमध सोन्यासारखा चमकणारा चौकोन, याहून चांगली जागा कुठली? चप्पल काढून त्यांनी झाकणाला हळद-कुंकू वाहिलं, भोवती रांगोळी घालून घेतली, त्यावर पाण्यानं भरलेला कलश मांडला आणि झाकणाच्या कडेलाच नारळ फोडला. पूजा आटोपली. कलश उचलून बाजूला ठेवला, सांडलेलं पाणी तसंच राहिलं.

उत्तमराव विंगेत परतले आणि जागीच थबकले. झाकणाच्या फटीतून हळदीचं पाणी आत झिरपत होतं. भोवतालची फरशी ओली. तिच्यावर सहावीच्या बारा मुली अनवाणी उभ्या, तळपायांना ओला आलता, पायांत घुंगरू. पहिल्या रांगेतल्या आरोहीची टाच झाकणापासून वीतभरही लांब नव्हती.

 नागनाथच्या भाजलेल्या हाताचा तो वास पंधरा वर्षांनी पुन्हा नाकात शिरला. ओरडावं, तर मुली दचकून पळणार, आणि पळणार त्या ओल्या फरशीवरूनच. मेन स्विच पलीकडच्या विंगेत. मागच्या पडद्याआडून भिंतीला धरून ते निघाले. अंतर वीस पावलांचं. मधेच नाच बसवणाऱ्या मयूरीबाई ताल मोजायला लागल्या, एक, दोन, आणि घुंगरू वाजले. उत्तमरावांनी मेन खाली ओढला.

अंधार झाला. कुणीतरी फिसकन हसलं.

"पोरीहो, जिथं आहात तिथंच उभ्या राहा," उत्तमराव म्हणाले.  बॅटरीच्या उजेडात त्यांनी एकेकीला हाताला धरून खाली उतरवलं.

चिंतामणराव तणतणत आले. पाहुणे खुर्चीत येऊन बसलेत, आणि यांना आत्ताच मेन ओढायचं सुचतं, असं त्यांचं म्हणणं. उत्तमरावांनी डबीकडे बोट दाखवलं. चिंतामणरावांना ते पटलं नाही.

"मी आत्ता तिथंच बसून पूजा केली. मले काऊन नाही लागला करंट?"

"पाणी तवा वर होतं, साहेब. आता आत गेलं."

"भेव बसलं आहे तुमच्या मनात. दाखवा बरं करंट."

उत्तमरावांनी रंगमंच रिकामा करवला, मेन चढवला, लाकडी स्टूल ठेवून त्यावर चढले आणि वाकून झाकणाला टेस्टर टेकवला.  टेस्टरमधला दिवा लागला.

 पायऱ्यांशी उभ्या चिंतामणरावांनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं. पूजेसाठी काढलेली चप्पल अजून विंगेतच होती, आणि पायाचा अंगठा नारळाच्या पाण्यानं ओला होता. ते हळूच एक पाऊल मागे सरकले, मग आणखी एक.

उत्तमरावांनी मेन पुन्हा पाडला आणि त्या दिवशी परत चढवला नाही. सगळी दारं-खिडक्या उघडून, माइकशिवाय, मयूरीबाईंच्या गाण्यावर मुली कोरड्या कडेला नाचल्या. कौशल्याबाई विंगेत बसून रडत होत्या. "भाऊ, आमी देवाची जागा समजून घासलं," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. उत्तमरावांनी स्वतःचा चहा त्यांच्यापुढे ठेवला.

आता पूजा पायऱ्यांपाशी, पाटावर होते. तीन नंबरच्या डबीची तार उत्तमरावांनी मुळापासून काढली, खड्डा सिमेंटनं बुजवला आणि झाकणाला काळा रंग दिला. तिच्यात आता काही नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. तरी पडदा वर जाण्याआधी ते तिलाही टेस्टर लावतात, आणि दिवा लागत नाही ना, हे दोनदा पाहतात.