बटनवाला ब्रेक

सुधारलेली गाडी गॅरेजमधून निघून जाते, मग ती कोणाच्या लक्षात राहत नाही. बिघडवलेली मात्र गावभर फिरते. गोंदियाजवळच्या गोरेगावात बाजाराच्या रस्त्यावर माझं गॅरेज नव्व्याण्णव सालापासून आहे. तेव्हापासून शेकडो गाड्या धड केल्या असतील, पण त्यातल्या एकीबद्दल कोणी विचारत नाही. चहाच्या टपरीवर बसलो की फर्माईश ठरलेली, "मिस्त्री, ते बटनवालं सांग ना." ते म्हणजे एक किस्सा नाही, पाच-सहा आहेत आणि प्रत्येकात मूर्ख मीच आहे. लोक मीठमसाला लावून सांगतात, त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका.

* * *

पंधरा वर्षं मी जीप आणि ट्रॅक्टर यांच्यावरच काढली होती. मग एका सकाळी आमच्या शाळेतले पटले गुरुजी नव्या पद्धतीची चकचकीत कार घेऊन आले. गुरुजींनी मला सातवीत गणित शिकवलं होतं, म्हणजे त्यांच्या बाजूने तरी शिकवलं होतं. त्यांच्या पुण्याच्या मुलाने आपली वापरलेली गाडी वडिलांना दिली होती.

"मागच्या चाकातून घासल्याचा आवाज येतो," गुरुजी म्हणाले.

मी रुबाबात आत बसलो आणि सवयीने दोन सीटांच्या मधे हँडब्रेकच्या दांड्याला हात घातला. हाती गुरुजींच्या चष्म्याचं घर आलं. सीटखाली पाहिलं, डॅशबोर्डखाली पाहिलं. शेवटी बाहेर येऊन गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "गुरुजी, हँडब्रेक चोरीले गेला."

गुरुजींनी वाकून एका बारक्या बटनावर बोट ठेवलं. त्यावर गोलात इंग्रजी पी काढला होता. "हा ब्रेक."

"हे तं बटन आहे, गुरुजी."

"सातवीतही तुला चिन्ह दिसायचं," गुरुजी म्हणाले, "अर्थ लागायचा नाही."

* * *

मागच्या ब्रेकचे पॅड घासून पत्र्याला आले होते. नवे पॅड जाड असतात, म्हणून ते बसवायच्या आधी ब्रेकचं पिस्टन मागे ढकलावं लागतं. त्यासाठी क्लॅम्प लावायचा आणि पिळत जायचं. हे काम मी डोळे मिटून करायचो, हीच चूक. या गाडीत पिस्टनच्या मागे छोटी मोटर बसलेली असते आणि तिने पिस्टन धरून ठेवलेलं असतं, हे मला माहीत नव्हतं.

पिस्टन हलेना. माझा जोडीदार उइके शेजारी बसून पाहत होता. उइके नवेगावकडच्या जंगलपट्ट्यातला, दिवसाला मोजून दहा शब्द बोलणारा. तो म्हणाला, "आत कायतरी धरून आहे. सोड."

मी म्हटलं, "जोर कमी पडून रायला," आणि क्लॅम्पच्या दांडीला तीन फुटांचा पाइप लावला.

आतून कट् असा आवाज आला. सुपारी फुटल्यासारखा. मग पिस्टन हललं.

"हललं," मी म्हणालो.

"मोडलं," उइके म्हणाला.

नवा भाग नागपूरहून यायला दोन आठवडे लागणार होते. मी गुरुजींच्या घरी गेलो, दारातच उभं राहून सांगून टाकलं, "गुरुजी, मी गाडी मोडली. भाग मी भरून देतो."

गुरुजी म्हणाले, "पहिल्या ओळीतच उत्तर लिहिलंस. सुधारलास."

* * *

पण गुरुजींच्या बायकोला, आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो, दर सोमवारी गोंदियाला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं असे. गाडी मी मोडली, तेव्हा न्यायची जबाबदारीही माझीच. दोन सोमवार मी त्यांना माझ्या जीपमधून नेलं.

आता सांगायला लाज वाटते, पण माझ्या स्वतःच्या जीपचा हँडब्रेक तीन वर्षांपासून बंद होता. म्हणून उइके मागे बसायचा, मांडीवर दगड घेऊन. मी जीप थांबवली की तो उतरून चाकाखाली दगड लावायचा, निघताना परत उचलून मांडीवर घ्यायचा. दवाखान्यासमोर, पेट्रोल पंपावर, रेल्वे फाटकापाशी, सगळीकडे.

पहिल्या दिवशी परतताना बाई उइकेच्या दगडाकडे पाहून म्हणाल्या, "आमच्या बटनापेक्षा हा ब्रेक बरा. लागला का नाही, ते दिसते तरी."

* * *

नवा भाग आला, तेव्हा पॅड कसे बदलायचे ते नागपूरच्या एका ओळखीच्या मिस्त्रीने फोनवर समजावलं. आधी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलायचं यंत्र, लावायचा, गाडीला सांगायचं की पॅड बदलायचे आहेत. मग मोटर आपणहून ढिली होते आणि पिस्टन हाताने मागे जातं. मी स्कॅनर मागवला. डबा उघडून चालू केला तर सगळा पडदा चिनी अक्षरांनी भरलेला.

भाषा कशी बदलायची ते समजेना. मी त्या मिस्त्रीला परत फोन लावला. त्याने त्याच्या स्कॅनरवर पाहून सांगितलं, वरून चौथी ओळ दाब, मग दुसरी, मग डाव्या कोपऱ्यातलं. मी फोन खांद्यात धरून दाबत गेलो. गुरुजींच्या गाडीच्या मागच्या चाकांतून घूंऽऽ असा आवाज आला आणि दोन्ही पिस्टन ढिली झाली. देवाला नारळ फोडावासा वाटला.

ट्रॅक्टर घेऊन आलेले एक बिसेन पाटील दारात उभं राहून हे सगळं पाहत होते. फोन ठेवलेला बघून हळूच जवळ आले, पडद्यावरची अक्षरं पाहिली.

"काऊन मिस्त्री, चिनी येते का तुले?"

खरं सांगायला हवं होतं. पण दोन आठवड्यांत पहिल्यांदाच कोणी माझ्याकडे आदराने पाहत होतं. मी म्हटलं, "कामापुरती."

पुढच्या महिन्यात त्यांनी मुलाच्या मोबाइलचा चिनी खोका वाचून घ्यायला माणूस पाठवला.

* * *

उइकेचा शर्ट मात्र मला आजही टोचतो. साळ्याच्या साखरपुड्याला जायचं म्हणून तो फिक्या निळ्या नव्या शर्टात आला होता. जाता जाता एका गाडीचे पॅड लावून देतो म्हणाला. ब्रेकचा सांगाडा चाकावरून काढून त्याने हातात धरला होता. मी गाडीत बसलो होतो. मोबाइल चार्ज करायचा म्हणून चावी फिरवली आणि चार्जरची वायर ओढताना कोपर बटनावर पडलं.

मोटरने इमानदारीत ब्रेक लावला. पुढे दाबायला काही नव्हतंच. पिस्टन टुणकन बाहेर आलं आणि पाठोपाठ ब्रेक ऑइल, सगळं उइकेच्या छातीवर.

मी धावत जाऊन फडक्याने पुसायला लागलो. फडकं ग्रीसचं होतं.

उइके शांतपणे उठला. गाडीची चावी काढून आपल्या खिशात घातली आणि म्हणाला, "तू आता बाहेर बसत जाय. गाडी मी सुधरवतो, तुले मी नाही सुधरवू शकत."

एकाच दमात इतके शब्द तो नंतर कधी बोलला नाही. साखरपुड्याला माझा शर्ट घालून गेला. तो त्याला पोटावर बसत नव्हता.

* * *

यानंतर पाच-सहा वर्षांनी माझ्या मुलीचं, वर्षाचं लग्न झालं. तोवर अशा गाड्या गावात बऱ्याच झाल्या होत्या आणि त्यांच्या ब्रेकचं काम तालुक्यात माझ्याकडेच यायचं. पाठवणीसाठी गुरुजींनी स्वतःची गाडी दिली. फुलं लावून ती मंडपाशेजारच्या उतारावर उभी केली. खाली आचाऱ्याची पातेली होती, म्हणून मी स्वतः बटन दाबून ब्रेक लावला, दोनदा तपासला. फोटोवाला म्हणाला, दिवे चालू ठेवा, फोटो चांगला येतो. दिवेही मीच लावले.

दुपारी चार वाजता पाठवणी निघाली. वर्षा गळ्यात पडली आणि मी जो रडायला लागलो तो थांबेनाच. नवरा-नवरी गाडीत बसले. ड्रायव्हरने चावी फिरवली, मग ब्रेकचं बटन दाबलं, काही नाही. बॅटरी पार बसली होती. बटनाला करंट नाही, म्हणून ब्रेक सुटेना. वऱ्हाडातली दहा-बारा माणसं मागून ढकलायला लागली, पण चाक तसूभर हललं नाही.

"अरे, मिस्त्रीले बोलवा कोनी," मुलाकडचे लोक ओरडले.

"तो काय, तिथं रडून रायला," आमच्याकडच्या कोणीतरी दाखवलं.

मी पुढे झालो, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं, बोनेटचा खटका सापडेना. तेवढ्यात दार उघडून वर्षा खाली उतरली. मुंडावळ्या मागे टाकल्या, शालूचा पदर खोचला, एका हाताने बोनेट उघडलं.

"बाबा, रडनं झालं असन तं बाजूले व्हा," ती म्हणाली. "उइके काका, ट्रॅक्टर लावा जवळ. केबल आना."

उइकेने पुढे केलेली केबल तिने हिरव्या चुड्याच्या हातांनी लावली. लाल लालला, काळी इंजिनच्या लोखंडाला. आत बसलेल्या ड्रायव्हरला म्हणाली, "आता स्टार्टर मारा." गाडी सुरू झाली. तिने बटन दाबलं, मागून घूंऽऽ आवाज आला, ब्रेक सुटला. हात माझ्याच धोतराला पुसून ती परत आत जाऊन बसली.

मुलाचे वडील माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

मग हळूच म्हणाले, "भाऊ, बायोडाट्यात तं नुसतं बी.ए. लिवलं होतं."