आत्याच्या चार कळशा

"घाम फुकट घालवू नये, भाऊ."

असं म्हणून तो खांद्यावरचा पंचा काढायचा, विहिरीच्या कठड्यापासून चार पावलं लांब जाऊन पिळायचा आणि खाली पडलेली धार आपल्याला दाखवायचा. मासेवाली ताजा बांगडा उचलून गिऱ्हाइकाला दाखवते, तशी.

तुमच्याही आळीत असा एखादा असेल. लोक अशा माणसाबद्दल कौतुकाने बोलतात. मला त्याचा हेवा वाटायचा, आणि अजूनही वाटतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला योग्य ती वजावट करून घेता येईल. वयाने तो माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणायचो, मनात 'तो' म्हणायचो. इथे मनातलं लिहितो आहे.

तो मूळचा बुरोंडीचा. तीस वर्षं रत्नागिरीच्या बंदरात लाँचींची इंजिनं दुरुस्त करण्यात गेली. ते काम बसून करायचं, त्यामुळे हात लोखंडासारखे आणि पोट नगाऱ्यासारखं. साठाव्या वर्षी साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज तासभर घाम काढा. भाच्याने त्याला व्यायामशाळेत नेलं. तिथे काय झालं ते तो प्रत्येकाला सांगायचा; मी स्वतः सहा वेळा ऐकलं आहे.

"एक जण दोरी ओढत होता. वजन वर जाय, परत खाली येय. वर जाय, खाली येय. मी इचारलं, बाबा रे, वर आणून करतोस काय ह्याचं? तर सगळे माझ्याकडंच बघायला लागले."

दुसऱ्या दिवसापासून तो आमच्या घाटीखालच्या विहिरीवर उभा राहिला. तिथेही दोरी होती, तिथेही वजन वर यायचं. पण वर आल्यावर त्याचं करायचं काय, हा प्रश्न नव्हता.

घाटी म्हणजे दोन दगडी गडग्यांमधून वर चढणारी जांभ्याच्या पायऱ्यांची वाट. आमच्या घाटीला एकशे त्रेचाळीस पायऱ्या आहेत. नळाचं पाणी एरवीही घाटी चढत नाही, मार्चपासून तर ते एक दिवसाआडच येतं. विहिरीला मोटर लावून पाहिली, तर दोन तासांत तळ दिसला. वरच्या अंगाला तीन घरांत म्हातारी माणसं एकेकटी किंवा दुकटी राहतात, मुलं असतील तर ती मुंबईला. त्या तीन घरांना तो रोज सकाळी पाणी शेंदून, खांद्यावरून नेऊन द्यायचा. एकूण तेरा खेपा. कळशी स्टीलची. मी वजनमाप खात्यात नोकरीला आहे, त्यामुळे तिचं माप मी घेतलं होतं. काठापर्यंत चौदा लिटर, पैकी अर्धा लिटर चढताना सांडतं.

सगळ्यात वरचं घर माझ्या आत्याचं.

तिचं वय तेव्हा ब्याऐंशी. तिला मूल नाही. पाचवी ते दहावी मी तिच्याकडे राहून शिकलो. काका गेल्याला अकरा वर्षं झाली होती. खाली माझ्याकडे राहायला ये म्हटलं तर येत नाही. मी दर रविवारी साडेनऊला जायचो, साडेदहाला निघायचो. तिची औषधं, विजेचं बिल, गॅसचा नंबर, सगळं मी बघतो. आत्याचं कोण आहे, असं कुणी विचारलं तर उत्तर मी होतो. माझ्यासमोर दुसरा उमेदवार नव्हता.

त्याची माझी पहिली गाठ घाटीतच पडली. मी त्या काळात रोज दहा हजार पावलं चालायचो. मनगटावर मोजणारं घड्याळ आणि घरी वही, दोन्हींत नोंद. नव्वदाव्या पायरीवर मी धापा टाकत उभा, आणि हा भरली कळशी खांद्यावर घेऊन शेजारून वर निघाला.

"चालायला निघालाव काय?"

"हो. रोज दहा हजार."

"मोप झाली की. मग जाताव कुठं?"

"कुठे नाही. बंदराकडून वळसा घालून परत घरी."

तो दोन पायऱ्या वर गेला, थांबला आणि मागे वळून खरोखरच्या कुतूहलाने म्हणाला, "मग येवढी पावलं केलीत कशाला?"

त्या दिवशी माझी पावलं अकरा हजार दोनशे झाली होती. वहीत लिहिताना मजा आली नाही.

आमचा चालणाऱ्यांचा एक गट आहे. रविवारी आम्ही गाडी काढून आरे-वारेला जातो, वाळूत तासभर चालतो, गाडीने परत येतो. हे त्याला कळलं तेव्हा तो विहिरीवर इतका हसला की त्याच्या हातातली दोरी सुटली आणि पोहरा खाली गेला. पोहरा काढायला गळ मीच शोधून आणला. तरी हसायचा थांबला नाही. "गाडीनं जाऊन चालताव! म्हंजे गाडीचा व्यायाम होतो बगा."

घरी हे सांगितलं, तर बायको म्हणाली, "मग तुम्हीपण उचला की एखादी कळशी."

"माझी पद्धत वेगळी आहे," मी म्हटलं.

वर्षभरात त्याची साखर दोनशे चाळीसवरून एकशे पन्नासवर आली. माझी एकशे अठरा होती, ती एकशे चोवीस झाली. हा अन्याय मी कुणाला सांगू?

पण साखरेचं मी सहन केलं असतं. त्याने आत्याला 'आत्या' म्हणायला सुरुवात केली, तिथे मला पहिली खरी कळ लागली. आधी 'आजी' म्हणायचा. एका रविवारी माझ्या तोंडून ऐकलं आणि उचललं. तो शब्द घाटीत माझ्या एकट्याचा होता. मग घावने. आत्या रविवारी मला घावने करते. पहिला तव्यावर मोडतो, दुसरा जाळीदार उतरतो. तो दुसरा आता झाकून बाजूला ठेवला जायला लागला.

"तो कुणाला?"

"बुरोंडीवाल्याला रे. दमून येतो तो."

"मीही एकशे त्रेचाळीस पायऱ्या चढून आलोय."

"तू रिकामा आलास, बाबू," आत्या म्हणाली. तिने ते टोचायला म्हटलं नव्हतं. तिला जे दिसलं ते तिने सांगितलं.

त्याच्या कामात एक ढोबळ चूक होती आणि ती मी पहिल्या आठवड्यातच हेरली होती. तो एका वेळी एकच कळशी न्यायचा. दोन्ही हातांत वजन घेतलं तर तोल नीट राहतो आणि खेपा निम्म्या होतात. हे मी त्याला तीनदा समजावलं. तो मान डोलवायचा आणि एकच कळशी उचलायचा. खांद्यावर ठेवायची चुंबळ त्याने जुन्या लुगड्याची वळून, गाठ मारून केली होती. ते लुगडंही आत्याचंच होतं, हे मला नंतर कळलं.

एका मे महिन्यात भाचीच्या लग्नासाठी तो चार दिवस बुरोंडीला गेला. माझी संधी आली. मी ऑफिसातून रजा घेतली, पंधरा लिटरचे दोन कॅन आणले, कागदावर आखणी केली. तेरा खेपांचं काम सात खेपांत. त्याला एक तास पन्नास मिनिटं लागायची, मला एक तास पाच. आत्याला मी चार कळशांच्या, म्हणजे चोपन्न लिटरच्या जागी दोन खेपांत साठ लिटर पोचवले. हाताला फोड आले, पण आकडे चोख होते.

दुसरी खेप ओतून मी कॅन उचलले तेव्हा आत्या ओटीवर पाट घेऊन बसली होती.

"झालं?"

"झालं. उलट सहा लिटर जास्तच आहे."

"आणि उरलेल्या दोन खेपा?"

"त्यांची गरजच नाही, आत्या."

"बरं," ती म्हणाली आणि पाट उचलून आत गेली.

तिसऱ्या दिवशी मी गेलो तर पिंप काठोकाठ भरलेलं. एक तांब्याही कमी नव्हता म्हणा ना. मला शंका आली. माझा धंदाच तो आहे. माप जुळलं नाही की मला बसवत नाही. मी तिचा रोजचा खर्च काढला. आंघोळ, स्वयंपाक, धुणं, भांडी. ओढून ताणून सत्तावीस लिटर. म्हणजे दोन कळशा. मग उरलेल्या दोन जायच्या कुठे? मी मागच्या दाराने परसात गेलो. भर मे महिन्यात तिथे अळू कमरेइतकं वाढलं होतं. फक्त गेल्या दोन दिवसांत माना टाकायला लागलं होतं.

"आत्या, तुला रोज दोनच कळशा लागतात."

"लागत असतील."

"मग त्याच्याकडून चार का घेतेस?"

ती तांदूळ निवडत होती. "तो आला की बसतो घटकाभर," ती म्हणाली. "दम खायला. दर खेपेला बसतो."

तो परत आल्यावर मी त्याला विहिरीवर गाठलं. खरं सांगायचं तर, चोरी पकडल्यासारखा आनंद मला झाला होता. त्याला सांगितलं की आत्या तुम्हाला रोज दोन कळशा जास्त वाहायला लावते आणि ते पाणी अळवाला घालते.

"ठाऊक हाय," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून. परसात पाय रुतला माझा."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? पयल्या खेपेला रात्री झोप लागली का ते सांगते. दुसरीला गुडघा. तिसरीला तुमच्या काकांचं काय तरी. आणि चौथीला काय बोलत नाय, नुसती बसते. ती चौथीच बरी वाटते मला." त्याने पंचा पिळला. "माझा पण घाम निघाया हवा ना, भाऊ."

मला आणखी एक गोष्ट विचारायची होती, पण विचारली नाही. ती त्याला विचारण्यासारखी नव्हतीच. गेली अकरा वर्षं दर रविवारी मी आत्याला विचारत होतो, "तुला काय हवं?" आणि दर रविवारी ती म्हणत होती, "मला काही नको रे बाबू, सगळं आहे." ते मी खरं धरून वहीत खूण करत होतो. ज्या बाईने सहा वर्षं मला वाढलं, तिने माझ्याकडे कधी एक तांब्या जास्तीचा मागितला नाही. त्याच्याकडे ती रोज दोन कळशा जास्त मागत होती. हेवा कशाचा, असं तुम्ही विचाराल तर त्या दोन कळशांचा.

पुढल्या वर्षी मार्चमध्ये त्याच्या थोरल्या भावाला अर्धांगाचा झटका आला. भावाचं करायला दुसरं कुणी नव्हतं. तो बुरोंडीला निघाला. जायच्या आदल्या सकाळी त्याने मला विहिरीवर बोलावलं, दोरी कठड्यावर घासू नये म्हणून कुठे उभं राहायचं ते दाखवलं, आणि कळशी माझ्या हातात दिली.

"कॅन नको आणू."

तो मला पहिल्यांदाच एकेरीत बोलला. मी "बरं" म्हटलं.

"पावसाआधी येतो," असं आत्याला सांगून गेला. जाताना चुंबळ तिच्या ओटीवरच्या खुंटीला अडकवून गेला. त्याला आता दोन पावसाळे झाले. मेलेल्या माणसाचा हेवा आपोआप सुटत असावा. तो बुरोंडीला चांगला जिवंत आहे. भावाला उचलून आंघोळ घालतो, कुशीवर वळवतो आणि फोनवर सांगतो, "कळशीपेक्षा जड हाय, साखर एकशे वीस झाली."

माझी एकशे नऊ आहे. डॉक्टरांनी विचारलं, "काय बदललंत?" मी म्हटलं, "चालणं." त्याचं नाव घेतलं नाही. ऑफिसच्या आधी तेरा खेपा होतात. आत्याच्या चार, एकेक कळशीच्या. पहिल्या खेपेला ती मला विचारते, "त्याचा फोन आला होता का?" दुसरीला सांगते की तो असता तर अळू असं पिवळं पडलं नसतं. तिसरीला काकांची गोष्ट सुरू होते, ती मला माहीत असलेल्या काकांची नसते, आणि मी दम खात "मग?" म्हणतो.

खांदा सोलवटून निघाला होता, म्हणून मी एकदा चुंबळ मागितली.

"ती राहू दे," आत्या म्हणाली. "तो आला की लागेल त्याला."

मी पंच्याची घडी करून भागवतो.

परवा दुसऱ्या खेपेला आत्या आत चहा टाकत होती. मी ओटीवर एकटाच होतो. खुंटीवरची चुंबळ काढली आणि खांद्यावर ठेवून पाहिली. त्याच्या रुंद खांद्यावर दबून तिला एक बाक आला होता. माझ्यावर ती बसेना, एका बाजूने उचलली जात होती. आत भांड्याचा आवाज झाला तशी मी ती घाईने खुंटीवर अडकवली आणि खाली उतरलो.

चौथ्या खेपेला आत्या नेहमीप्रमाणे काही न बोलता बसली. मीही बसलो. तिला अलीकडे कमी दिसतं. समोरून आलेलं माणूसही ती आवाजावरून ओळखते. बऱ्याच वेळाने, खुंटीकडे न बघता ती म्हणाली,

"तिची गाठ भिंतीकडे असते, बाबू."

मी उठलो आणि गाठ भिंतीकडे केली.