पिंजऱ्यातली डरकाळी

रक्त दिसल्याशिवाय पब्लिक जागचं हलत नाही, असं आमचा कुस्त्यांचा ठेकेदार म्हणायचा, आणि रक्ताची सोयही तोच करायचा. पहिलवानाच्या कपाळावर आधीच वस्तऱ्यानं बारीक चीर द्यायची आणि वर मेण चोपडून ठेवायचं. पहिल्या दणक्याला मेण सुटायचं, तोंड लालभडक व्हायचं आणि माणसं बसल्या जागी उभी राहायची. मी स्वतः दोघा-तिघांच्या कपाळावर असा वस्तरा चालवला आहे. तेव्हा मला त्याचं काहीच वाटत नव्हतं, उलट आपला हात हलका आहे याची घमेंड होती.

साठ सालच्या आगेमागे वऱ्हाडात फ्री स्टाइल कुस्त्यांचं खूळ आलं होतं. मातीचा आखाडा नाही, तर सरकीची पोती रचून वर ताडपत्री ताणायची, चारी बाजूंनी दोर बांधायचे आणि त्याला रिंग म्हणायचं. बहुतेक कुस्त्या नुरा असायच्या, म्हणजे कोण जिंकणार ते दोघांनाही आधीच ठाऊक. मार मात्र खरा बसायचा. मी अमरावतीत टांग्यात बसून पत्र्याच्या भोंग्यातून सिनेमाची जाहिरात करणारा माणूस. आवाज मोठा आणि जीभ त्याहून सैल, म्हणून ठेकेदारानं मला उचललं. पहिलवानाला वाजतगाजत रिंगमध्ये आणायचं आणि कुस्ती संपेपर्यंत भोंग्यातून पब्लिक पेटवत ठेवायचं, हे माझं काम.

परतवाड्याला माझा एक लहानपणापासूनचा मित्र होता. लाकडाच्या वखारीत तो सागाचे ओंडके ट्रकवर चढवायचा. दोघांचं ओझं एकटा उचलायचा, अंगापिंडानं रेडा आणि स्वभावानं गाय. मोझरीच्या आश्रमात प्रार्थनेला जायचा, मटणाचा वाससुद्धा त्याला चालत नसे. मी त्याला मेळघाटचा वाघ करून टाकलं. बुरडाकडून बांबूचा पिंजरा करून घेतला, तो बैलगाडीवर चढवला, आत याला पिवळे-काळे पट्टे ओढून बसवलं. पुढे डफडी, दोन्ही अंगांना दोर धरलेली चार माणसं, आणि गाडीवर उभा राहून मी ओरडतोय, "मागे सरका, धारणीच्या जंगलात यानं दोन माणसं फाडली आहेत!" बाया पोरांना पदराखाली घ्यायच्या. आत बसलेला वाघ मान खाली घालून हसू दाबायचा.

डरकाळी मात्र त्याला येत नव्हती. "मले नाही जमत बावा, मले हासू येते," म्हणायचा. वखारीमागच्या निंबाखाली मी त्याच्याकडून पंधरा दिवस घोटून घेतली. बेंबीपासून काढायची आणि शेवटी फाटू द्यायची. मग आमची खूण ठरली. समोरच्यानं पेचात धरला की यानं डरकाळी फोडायची, मी भोंग्यातून "वाघ चवताळला" म्हणायचं, डफडी कडाडायची आणि त्या आवाजात समोरच्यानं पेच सैल सोडायचा. हे अचलपूरला चाललं, अमरावतीला तर इतकं चाललं की लोकांनी पिंजऱ्याचे बांबू आठवण म्हणून तोडून नेले.

मग अकोला आलं. कुस्तीच्या आदल्या दिवशी टांग्यातून गावभर फिरताना माझी जीभ नेहमीपेक्षा जास्तच सुटली. समोरचा पहिलवान तिथल्याच एका जुन्या तालमीतला. मी म्हणालो, त्या तालमीत दंड-बैठका नाही, फुगड्या घालतात. म्हणालो, उद्या वाघ याचं हाड चघळेल आणि याचा वस्ताद पत्रावळ उचलेल. लोक हसत होते म्हणून मी आणखी बोलत गेलो. चौकात तो पहिलवान स्वतः आडवा आला. त्यानं घोड्याचा लगाम धरला आणि शांतपणे म्हणाला, "मले बोल, चालते. माह्या वस्तादाले काहून बोलला? उद्याची कुस्ती खरी होईन. सांगजो त्याले."

मला ते नाटक वाटलं. वाटलं, ठेकेदारानंच पाठवलाय, गडी झकास बोलला. मी लगेच भोंगा लावून त्याचे शब्द गावाला ऐकवले. ज्याला सांगायचे होते त्याला मात्र सांगितले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मोकळ्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. वाघाची गाडी निघाली, पिंजरा उघडला, मित्रानं दोरावरून उडी मारली. शड्डू ठोकायला त्यानं हात उचलला तोच त्याच्या नाकावर समोरच्याचं डोकं बसलं. नाक जागच्या जागी बसकं झालं. त्याच्या कपाळावरच्या चिरेवरचं मेण अजून शाबूत होतं आणि रक्त भळाभळा दुसरीकडूनच येत होतं, तेव्हाच मला कळायला हवं होतं. तो पडला, तशी त्याच्या बरगड्यांत लाथ बसली, मग दुसरी, मग तिसरी. लोक चपला फेकत होते, शिट्या मारत होते. तो उठू लागला तर त्याचा उजवा हात मागे ओढून समोरच्यानं पाठीवर गुडघा रोवला.

तेव्हा तो ओरडला. बेंबीपासून निघालेली, शेवटी फाटलेली ओरड.

"वाघ चवताळला!" मी भोंग्यातून सांगितलं. डफडी कडाडली, सगळं आवार उभं राहिलं. पेच सैल झाला नाही. समोरचा गडी त्याचं कोपर उलट्या बाजूला दाबतच गेला. कपाशीची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला, तो मला डफड्यांतूनही ऐकू आला, आणि त्यामागून दुसरी ओरड आली. "हाताले सोड रे, हात गेला," असं तो म्हणत होता. पट्ट्यांचा पिवळा रंग आणि रक्त एक होऊन तोंडात जात होतं. मी तीन हातांवर उभा होतो. मी पुन्हा म्हणालो, "वाघ चवताळला!"

रिंगमधून त्याला उचलून त्याच बैलगाडीवर घातलं, दुसरं वाहन जवळ नव्हतं. माणसं बाजूनं चालत टाळ्या वाजवत होती. मला कुणावर तरी हात टाकायचा होता, म्हणून मी डफडं वाजवणाऱ्याच्या कानफटात मारली. त्या बिचाऱ्यानं फक्त माझी खूण पाळली होती. भोंगा मी त्या दिवशी टाकला तो टाकलाच.

हात वाचला, पण कोपरात वाकायचा राहिला. ओंडके उचलणं संपलं. वखारीच्या मालकानं त्याला फाटकावर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकला फाटक उघडून द्यायला. मी वर्षभर परतवाड्याकडे फिरकलो नाही, कारण मला त्याच्या तोंडाकडे बघायची लाज वाटत होती. शेवटी एकदा गेलो. त्यानं मला पाहून डाव्या हातानं स्टूल पुढे सरकवलं आणि चहा सांगितला. तिथे बसलेला एक ड्रायव्हर मला ओळखून म्हणाला, "तूच ना बे तो भोंगेवाला? दोस्त मरून राहिला अन् तू ओरडून राहिला होता."

मित्रच मध्ये पडला. "त्याले काय मालूम भाऊ," तो म्हणाला, "डरकाळी अन् बोंब, माही दोन्ही सारखीच निंघे. त्यानंच शिकवली होती ना. त्याले समजलीच नाही." मग माझ्याकडे वळून, खात्री करून घेतल्यासारखं त्यानं विचारलं, "नाही समजली ना रे तुले?"

पहिली समजली नव्हती, हे खरं आहे. दुसरी समजली होती. तो काय म्हणत होता तो शब्द न् शब्द मला ऐकू आला होता, पण सगळं आवार माझ्या आवाजावर उभं होतं आणि मला ते खाली बसवायचं नव्हतं.

"नाही रे," मी म्हणालो.

"पाह्य, मी म्हनलं होतं," तो ड्रायव्हरला म्हणाला, आणि ट्रक आला म्हणून फाटक उघडायला उठला.