अंगणातला बर्फ रस्त्यावर

डायलिसिसची व्हॅन गल्लीच्या तोंडाशी उभी होती आणि आत येऊ शकत नव्हती. गल्लीत बर्फाची भिंत उभी राहिली होती. त्या भिंतीसमोर आमचे डॅनियल सर केशरी जॅकेट घालून फोटो काढून घेत होते. जॅकेटच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत 'सेवा' असं छापलेलं होतं.

आधी माझ्या नोकरीविषयी सांगते. मी मिशनरी आहे. मूळची नगरची, सध्या होक्काइदोच्या एका छोट्या गावात. माझ्या मावशीची अशी ठाम समजूत आहे की मी रोज सकाळी चौकात उभी राहते आणि जपानी लोक प्रार्थनेसाठी रांग लावतात. प्रत्यक्षात मी रोज सकाळी फावडं मारते. उठल्यावर आधी पाणी सुरू करायचं. रात्री पाईप रिकामे करून ठेवावे लागतात, नाहीतर पाणी गोठून फुटतात. मग रॉकेलचा हीटर पेटवायचा. मग माझ्या दारातला बर्फ, मग शेजारच्या कुदो-सानच्या दारातला. त्यानंतर कुठे बायबल उघडायचं, आणि तेही हातमोजे घालून. दिवसभर लोकांच्या घरी भेटी. दार किलकिलं होतं, एक बाई अतिशय नम्रपणे म्हणते, "आज जरा..." आणि वाक्य अर्धं सोडून दार लावते. उरलेलं वाक्य आपण समजून घ्यायचं.

कुदो-सान ऐंशीच्या पुढच्या. एकट्या राहतात, व्हीलचेअर वापरतात. मंगळवार, गुरुवार, शनिवार हॉस्पिटलची व्हॅन त्यांना डायलिसिसला नेते. व्हॅन दाराशी लागली पाहिजे आणि व्हीलचेअर चढवायची तिची मागची फळी खाली टेकली पाहिजे, तेवढी वाट मी रोज मोकळी ठेवते. काढलेला बर्फ त्यांच्याच अंगणात टाकते. जानेवारीअखेर त्या अंगणात खिडकीपर्यंत ढीग होतो. दिसायला वाईट दिसतो, पण त्याची जागा तीच आहे. अंगणातला बर्फ अंगणात, रस्त्यावरचा रस्त्यावर. इथे हा नियम लहान पोरांनाही माहीत असतो.

हिवाळ्यात एकदा मोठे ट्रक येऊन रस्त्यावरचा साठलेला बर्फ उचलून नेतात. याला हाइसेत्सु म्हणतात. आपल्याकडे सोसायटीची कमिटी असते तशी इथे गल्लीची कमिटी असते. माएदा-सान तिचे प्रमुख. ट्रक कधी येणार हे ते दारोदार जाऊन सांगतात आणि प्रत्येक दारात तीच विनंती करतात, घरचा बर्फ कृपया रस्त्यावर आणू नका. ट्रक मोजके असतात. एका घराने आगाऊपणा केला की पुढच्या घरांसमोरचा बर्फ तसाच राहतो.

आता डॅनियल सर. हे आमचे फील्ड सुपरवायझर. बसतात तोक्योत, हिगाशी-कसाईच्या फ्लॅटमध्ये, पूर्वी पुण्यात इन्शुरन्स विकायचे. माणूस बदलला, विकायची पद्धत तीच राहिली. दर आठवड्याला व्हिडिओ कॉलवर माझी हजेरी असते.

"रूथ, तुझे कॉन्टॅक्ट्स वाढत नाहीयेत."

कॉन्टॅक्ट म्हणजे ज्याचा फोन नंबर आपल्याकडे आहे असा माणूस. त्याने तो का दिला, हे विचारायची आमच्यात पद्धत नाही.

"सर, इथे लोकांना वेळ लागतो."

"वेळ नाही, व्हिजिबिलिटी लागते. मी टीम घेऊन येतोय. स्नो सेवा वीकएंड!"

शुक्रवारी संध्याकाळी ते आले. बरोबर तोक्योच्या आसपासची, फुनाबोरी आणि इचिकावाकडची, आयटीतली डझनभर भारतीय मंडळी. बिचारी चांगली माणसं होती. सुट्टी घेऊन, स्वतःच्या खर्चाने आली होती, आणि निम्म्यांनी फावडं पहिल्यांदाच हातात धरलं होतं. सरांनी कुदो-सानचं अंगण पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"एका म्हाताऱ्या बाईच्या दारात एवढा ढीग! आणि तू रोज इथून जातेस?"

"सर, तो मीच घातलाय. तो तिथेच असायचा असतो." मी सगळा नियम समजावला. उद्या दुपारी ट्रक येणार आहेत, हेही सांगितलं.

तेच चुकलं. सरांच्या डोळ्यांत पुण्याच्या सोसायटीतला माणूस जागा झाला.

"म्हणजे ट्रक येतोच आहे! मग आपलाही घेऊन जाईल की. कोण बघतंय, कुठला बर्फ कुठून आला?"

"सर, सगळे बघतात."

"रूथ, हे लोक लाजाळू आहेत. मदत मागत नाहीत. आपण न विचारता करायची असते."

सकाळी मला स्वयंपाकघरात पाठवण्यात आलं. एवढ्या लोकांची अंडाकरी आणि भात करायचा होता. प्रचाराच्या कामात बाईला नेमकं काय येतं, याबद्दल सरांचे विचार पक्के आहेत. हिवाळ्यात बर्फाच्या भाराने काचा फुटू नयेत म्हणून माझ्या खिडक्यांना बाहेरून फळ्या ठोकलेल्या असतात. त्यामुळे मला फक्त आवाज येत होते. हसणं, टाळ्या, मध्येच एखादं भजन. मला वाटलं, वाट रुंद करताहेत.

भात झाल्यावर बाहेर आले तर अंगण स्वच्छ होतं. इतकं स्वच्छ की गुलाबाच्या झुडपाला थंडीसाठी गुंडाळलेली चटईसुद्धा उघडी पडली होती. आणि सगळा ढीग गल्लीत आडवा पडला होता. व्हॅन कोपऱ्यावर थांबलेली, ड्रायव्हर टोपी हातात घेऊन उभा. कुदो-सान दारात, कोट घातलेल्या, मांडीवर पिशवी. त्या सरांकडे बघून वाकल्या आणि म्हणाल्या, "माझ्यामुळे एवढा त्रास झाला, माफ करा."

"काय म्हणतायत? थँक यू म्हणतायत ना?" सरांनी विचारलं, आणि त्यांच्या शेजारी वाकून सेल्फी घेतला.

मला इतका राग आला की थंडी वाजायची थांबली. डायलिसिस म्हणजे काही केस कापायची अपॉइंटमेंट नव्हे. मशीन पुढच्या पेशंटला लागायचं असतं. उशीर झाला तर वेळ कापला जातो, आणि पुढची पाळी एकदम मंगळवारी.

"सर, व्हॅन आत येत नाहीये. हा बर्फ आत्ताच्या आत्ता परत अंगणात टाकायला सांगा."

"परत? अगं, फोटो पाठवलेत मी! असं करू, आपण चौघं मिळून त्यांना उचलून नेऊ. संदीप, व्हिडिओ चालू ठेव."

"त्यांना कोणी हात लावायचा नाही," मी म्हणाले. सरांशी मी या आवाजात कधी बोलले नव्हते. टीममधल्या संदीपने मोबाईल खाली घेतला.

तेवढ्यात माएदा-सान घरातून बाहेर आले. त्यांनी ढीग पाहिला, केशरी जॅकेटं पाहिली, मला पाहिलं. मी तोंड उघडायच्या आत ते आत गेले आणि फावडं घेऊन आले. मग समोरचं घर उघडलं. मग त्याच्या शेजारचं. जो तो फावडं घेऊनच बाहेर आला. शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं. सगळी गल्ली कुदो-सानच्या अंगणात बर्फ परत भरू लागली. फुनाबोरीची मंडळीही शरमेने कामाला लागली. व्हॅन आत आली, फळी टेकली, कुदो-सान गेल्या. त्या दिवशी त्यांना मशीन थोडं कमी वेळ मिळालं, पण मिळालं. ट्रक मात्र आमच्या गल्लीत अर्ध्यावरच थांबले, कारण दुपारपर्यंत रस्ता पूर्ण मोकळा झाला नव्हता. टोकाच्या तीन घरांसमोरचा बर्फ वसंतापर्यंत तसाच राहिला.

सर आपला मोबाईल काढून ते सगळं टिपत होते. मी म्हटलं, प्रत्येक घरी जाऊन माफी मागायला हवी.

"माफी? चांगल्या कामाची?" आणि त्यांची फ्लाइट होती.

मी एकटी गेले, मिठाईचे बॉक्स घेऊन. माएदा-सानच्या दारात वाकले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "रूथ-सान, तुमचे साहेब फार उत्साही आहेत." जपानीत याहून मोठी शिवी मी अजून ऐकलेली नाही.

सरांचा व्हिडिओ पुढच्या आठवड्यात सगळीकडे फिरला. वर लिहिलं होतं, 'आमची सेवा पाहून अख्खी गल्ली खांद्याला खांदा लावून उतरली.' मावशीने तो मला चार वेळा पाठवला. हेड ऑफिसने ठरवलं की हा कार्यक्रम दरवर्षी व्हावा, आणि कोऑर्डिनेटर म्हणून माझं नाव घातलं.

ही बातमी मी कुदो-सानना सांगितली, कारण लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी माझ्या कपात आणखी चहा ओतला.

"तुमचे पाहुणे पुन्हा येणार का?"

"हो."

"ऑगस्टमध्ये बोलवा," त्या म्हणाल्या. "ऑगस्टमध्ये इथे फार छान असतं. बर्फ नसतो."

मी सरांना तसं कळवलं. स्थानिक लोकांची खास विनंती आहे, असंही लिहिलं. सरांना अत्यानंद झाला. या धंद्यात मी शिकले ते एवढंच: दुसऱ्याच्या अंगणाला हात लावण्याआधी त्याला विचारावं. आणि तो "आज जरा..." म्हणाला, तर घरी जाऊन आपला भात शिजवावा.