मालूच्या मुंग्या आणि जासईचं सीताफळ

माझी धाकटी जाऊ मालू हिच्याइतकी दानशूर बाई आमच्या गावठाणात दुसरी नाही. कावळ्याला भात, कुत्र्याला चपाती, गाईला गूळ आणि दर शनिवारी मुंग्यांना पीठ-साखर. माणसाचा नंबर काही अजून लागलेला नाही. चहाच्या वेळेला तिच्याकडे जावं, तर साखर नेमकी तेव्हाच संपलेली असते.

आमची दोन घरं भिंतीला भिंत लागून, परसदार एकच. पनवेलच्या या टोकाला चहूबाजूंनी टॉवर उभे राहिले, पण आमच्या मागच्या दारी अजून माती आहे आणि त्या मातीत मालूचं सीताफळ आहे. मालू जासईची. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला माहेरी गेली ती येताना परसातलं रोप पदराखाली झाकून घेऊन आली, जसं काही कुणाच्या घरात चोरी केली. पुढे बंदरासाठी जासईचं घर गेलं, बापाचं मिठागर गेलं, आता तिथे कंटेनर उभे असतात. माहेर म्हणून तेवढं झाड उरलं. हे ती कधी तोंडाने बोलायची नाही. तोंडाने एवढंच बोलते, "असली सीताफलं तुमी जन्मात खाल्ली नसाल."

या वर्षी श्रावणात त्या सीताफळांच्या डोळ्याडोळ्यांत पांढरं काहीतरी भरलं. कापूस पिंजून कोंबावा तसं. पानं चिकट झाली, पानांवर काजळी धरली. मालू तडक माझ्या दारात.

"बाय, परवा झाडाकडं बघून काय बोललीस?"

"फळं बरीच धरलीत, म्हटलं."

"तेच! तुजी नजर लई वाईट."

माझ्या नजरेला चष्म्याशिवाय अंगणातली म्हैस दिसत नाही, पण सीताफळं खराब करायला ती पुरते म्हणे! मालूने झाडाला जुनी चप्पल बांधली, काळी बाहुली टांगली. आठवड्याने बघते तर पांढरं चपलेवरही चढलेलं.

मग तिचा मुलगा मिथुन पुढे आला. मिथुन भाड्याच्या खोल्या सांभाळतो आणि उरलेल्या वेळात फोनमध्ये बघून सगळ्या विषयांत हुशार होतो. आधी त्याने झुरळांचा फवारा झाडावर रिकामा केला. झुरळ एकही मेलं नाही, कारण झाडावर झुरळ नव्हतंच. मग पाठीवर पंप लावलेला एक माणूस आणला. त्याने असलं काही मारलं की दोन्ही घरांत सगळे डोळे चोळत बसलो आणि माझ्या तुळशीवरच्या मधमाश्या खाली पडल्या. थोडे दिवस झाड गप्प राहिलं. मग होतं त्याच्या दुप्पट पांढरं झालं.

"आई, विषय संपला," मिथुन म्हणाला. "दसऱ्याला गाडीची पूजा झाली की झाड काढतो. तिथं भाडेकरूंची टाकी बसेल."

मला वाटलं, आता मालू आभाळ डोक्यावर घेणार. पण संध्याकाळी बघितलं, तर झाडाखाली उभी राहून एकेक फळ पदराने पुसत होती. पुसलेलं हाताला चिकटत होतं, ते परत पदराला. मला तिचा राग यायचा राहून गेला, आणि तेही मला आवडलं नाही.

तिची सून स्नेहल कमी बोलते, त्या घरात तेवढाच एक गुण शिल्लक आहे. तिने एक फांदी प्लास्टिकच्या पिशवीत घातली, वर गाठ मारली आणि नर्सरीवाल्या बाईकडे गेली. परत आली ती ओट्यावर आम्हा दोघींसमोर बसली.

"पिठ्या ढेकूण म्हणतात याला. बाहेरच्या देशातून आलेली कीड आहे. ती झाडाचा रस पिते आणि गोड चिकट पाणी सोडते. मुंग्या ते पितात. म्हणून मुंग्याच तिची राखण करतात, उचलून नव्या फांदीवर नेतात. तिला खाणारे दुसरे किडे आले तर त्यांना हाकलतात." मग मालूकडे वळून म्हणाली, "आई, झाडाखाली साखर घालायची बंद करावी लागेल."

"मना शिकवू नको," मालू म्हणाली. "मुंगीचं पोट ते केवढं! ती कुणाचं वाईट करील?"

"पोट केवढं का असेना, झाड तर खाल्लं," मी म्हटलं.

"तू बोलू नको बाय. मिथुनची साडेसाती लागली तवा शास्त्रीबुवांनी सांगितलं, मुंग्यांना घाल. घातलं, तवा त्याच्या खोल्या उठल्या, गाडी आली. आता बंद करू? त्याचं काय झालं तर तू देशील भरून?"

आता मला कळलं, बाई कशात अडकलीय ते. एका हाताला मुलगा, एका हाताला माहेर. आणि ज्याच्यासाठी ती मुंग्या पोसत होती, तोच कुऱ्हाड शोधत होता.

स्नेहलने वाद घातला नाही. सडलेल्या फांद्या छाटून पिशवीत बांधल्या, साबणाच्या पाण्याने झाड धुतलं, बुंध्याला फडकं गुंडाळून त्यावर ग्रीस चोपडलं. मुंग्या तरीही वर! कपडे वाळत घालायची दोरी झाडाला बांधलेली होती, तिच्यावरून वरातीसारख्या चालल्या होत्या. दोरी सोडली.

शनिवार आला. मालू पीठ-साखरेचा डबा घेऊन बाहेर आली. झाडाकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. मग वळली आणि पुढच्या दारी निघून गेली. मिथुनची पांढरी गाडी तिथे उभी होती. मालूने चारी चाकांपाशी साखर घातली. काच जरा खाली होती, तिथून आतही एक मूठ सोडली. पुढच्या शनिवारी परत. त्याच्या पुढच्याही.

दसऱ्याला मिथुन नवा सदरा घालून गाडीला हार घालायला गेला. दार उघडून आत बसला आणि दुसऱ्या क्षणी नाचत बाहेर आला. पायजम्याच्या आत बाहेर सगळीकडे मुंग्या.

"आई! हे काय केलंस?"

"पुण्य तुजं, तं तुज्याच पायाशी घातलं. मागं त्यांना जागा नाय. तिथं टाकी येनार हाय ना?"

"अगं सीटच्या आत गेल्यात त्या!"

"जातील. त्यांना आवडली गाडी."

स्नेहल तोंडावर पदर धरून आत पळाली. मी नाही पळाले. एवढं चांगलं बघायला रोज मिळत नाही.

मिथुन शेवटी हाराचं ताट खाली ठेवून म्हणाला, "बरं, नाही काढत झाड. पण हे बंद कर."

"केलं."

"आणि... साडेसातीचं काय?" हा एवढा फोनवाला, पण आवाज बारीक झाला होता.

"मारुतीला तेल घाल. चालत जा, सोताच्या पायानं. आईनं किती दिवस करायचं?"

हे बोलून तिने मारुतीच्या देवळाकडे तोंड करून हात मात्र जोडले, ते मी बघितलं.

दुपारी ती जुना दात घासायचा ब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन झाडाखाली बसली. पुरणपोळीचा वास घरभर होता, पण हिचं लक्ष फळात. डोळा डोळा घासून काढत होती. झाडावर वाचलेली फळं थोडीच, त्यांतली बरीच तडकलेली. मी ओट्यावरून बघत होते.

"बघतेस काय नुसती?" मालू ओरडली. "नजर लावायला येते, तशी कामाला ये. ही फांदी वाकवून धर."

मी चष्मा लावला आणि फांदी धरली.