घाबरलेल्या माणसांची चाचणी

धाटावच्या एका कारखान्यात वायू गळला, तर कुठे जायचं ते सांगणारा मेसेज सगळ्या कामगारांच्या मोबाइलवर एकदम जावा, अशी यंत्रणा आम्ही बनवत होतो. संगणकावर हजारो खोटी माणसं उभी करून त्यांच्या मेसेज-फोनचा किती भार मोबाइल नेटवर्क झेलतं ते तपासणं माझं काम. पेणला घरी बसून मी ते करायचे. दर वेळी चाचणी पास व्हायची. दुसऱ्या दिवशी साहेबांना निकाल दाखवायचा होता.

वहिनी त्याच कारखान्यात पॅकिंगला आहे. जेवताना मी तिला विचारलं, "भोंगा वाजला की मेसेज बघाल ना?"

"मेसेज कोण बघतो गो? आधी घरी फोन. नाय लागला तर परत परत लावायचा."

माझा घास हातातच राहिला. माझी खोटी माणसं शांतपणे मेसेज वाचत होती. ताटावरून उठून मी त्यांना घाबरवलं, सगळ्यांना एकदम घरी फोन लावायला लावलं. पहिल्याच मिनिटात नेटवर्क कोलमडलं. निम्म्या लोकांना मेसेज पोचलाच नाही. खरंच वायू गळला, तर त्यांत वहिनीही असेल.

सकाळी साहेबांना तेच दाखवलं. त्यांनी आकडे दोनदा वाचले.

"मग करायचं काय?"

"नुसत्या मेसेजवर विसंबायचं नाही. प्रत्येक शेडमध्ये तेच बोलून सांगणारा, नेटवर्क न लागणारा स्पीकर हवा."

यंत्रणेचं उद्घाटन पुढे ढकललं. आधी स्पीकर लागले.